शंभर गुण आणि अकरा अंगठ्या

मुख्याध्यापकाच्या घरी सुटीतही निकाल लागतच असतात. गेल्या दिवाळीत फराळाची ताटे पुढे आली आणि आमच्या दोन पुतण्यांमध्ये वाद जुंपला. विषय होता अमेरिकेतील बास्केटबॉल. थोरल्याचे दैवत मायकेल जॉर्डन, धाकट्याचे लेब्रॉन जेम्स. थोरला म्हणाला, "जॉर्डनची अजिंक्यपदे सहा, तुझ्या लेब्रॉनची चार. विषय संपला." धाकटा कसला ऐकतो! "७ फेब्रुवारी २०२३ रोजी लेब्रॉनने करीम अब्दुल-जब्बारचा ३८,३८७ गुणांचा विक्रम मोडला. एनबीएमध्ये त्याच्याइतके गुण दुसऱ्या कोणी केले आहेत, ते आधी सांग." चकल्या संपल्या, चहा निवला, पण वाद निवेना. शेवटी दोघेही आमच्याकडे वळले. "काका, तुम्हीच सांगा. खेळाडूचा मोठेपणा कशावरून ठरवायचा? त्याने जिंकलेल्या अजिंक्यपदांवरून, की त्याच्या स्वतःच्या आकड्यांवरून?"

निकाल देण्याची संधी सोडील तो मुख्याध्यापक कसला! तरीही आम्ही त्या दिवशी निकाल राखून ठेवला. आमच्या सौभाग्यवतींनी हातातील झारा तसाच धरून आमच्याकडे पाहिले. तीस वर्षांच्या संसारात असा प्रसंग त्यांनी प्रथमच पाहिला असावा. परंतु निकाल राखून ठेवण्यास कारण होते. हाच प्रश्न बारा वर्षांपूर्वी एका लहानशा चषकाच्या रूपाने आमच्या टेबलावर आला होता, आणि तो आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने चुकीचा सोडवला होता. ती हकीकत पुढे सांगूच. आधी वादाकडे वळू.

बास्केटबॉल हा खेळ एका शिक्षकाने शोधून काढला, हे सांगताना आम्हांस उगीचच अभिमान वाटतो. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने, हिवाळ्यामुळे कोंडल्या गेलेल्या विद्यार्थ्यांना गुंतवण्यासाठी व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या दोन टोपल्या टांगल्या आणि त्यांत चेंडू टाकावयास सांगितले. त्या पहिल्या सामन्यात एकेका बाजूला नऊ जण होते. आज पाच असतात. ही पाचची संख्या महत्त्वाची आहे. क्रिकेटमध्ये अकरांच्या गर्दीत एखादा झाकून जातो. पाचांत झाकून राहता येत नाही. एकच माणूस सामना जिंकून देतो असा भास या खेळाइतका दुसऱ्या कोणत्या सांघिक खेळात क्वचितच होत असेल. सगळ्या वादाचे मूळ या भासात आहे.

पुतण्यांना वाटते की हा वाद त्यांच्या पिढीने निर्माण केला. प्रत्यक्षात तो साठ वर्षांहून जुना आहे, आणि त्याचे मूळ नायक आहेत बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन. दोघेही मधल्या जागेवर, म्हणजे 'सेंटर' म्हणून खेळत. त्यामुळे दोघांची गाठ समोरासमोर पडे. चेंबरलेन सात फूट एक इंच उंचीचे, अफाट ताकदीचे. रसेल त्यांच्याहून थोडे ठेंगणे आणि अंगानेही सडसडीत. चेंबरलेन यांनी एनबीएमध्ये ३१,४१९ गुण केले आणि फळ्यावरून वा कडीवरून उसळलेला चेंडू २३,९२४ वेळा झेलला. 'रिबाउंड' म्हणतात तो हाच. त्यांतला हा विक्रम अद्याप कोणास मोडता आलेला नाही. परंतु अजिंक्यपदे मात्र दोन. रसेल यांची गुणांची कारकिर्दीतील सरासरी केवळ १५.१, परंतु बॉस्टन सेल्टिक्स या संघात ते १३ हंगाम खेळले आणि त्यांतील ११ हंगामांत तो संघ अजिंक्य ठरला. अजिंक्य संघातील खेळाडूंस तिकडे अंगठी देण्याची प्रथा आहे. बोटे दहा आणि अंगठ्या अकरा, असा हा माणूस.

या दोघांना तोलावयाचे तर १९६१-६२ चा एकच हंगाम पुरेसा आहे. त्या हंगामात चेंबरलेन फिलाडेल्फिया वॉरियर्स संघाकडून खेळत होते. २ मार्च १९६२ रोजी, चॉकलेटच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या हर्शी या गावी, ४,१२४ प्रेक्षकांसमोर त्यांनी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एका सामन्यात १०० गुण केले. त्यांपैकी ७२ गुण ३६ बास्केटांचे आणि २८ गुण फ्री थ्रोचे. एरवी फ्री थ्रो हेच त्यांचे दुबळे अंग. परंतु त्या रात्री ३२ पैकी २८ चेंडू कडीतून आत गेले. सामना दूरचित्रवाणीवर दाखवला गेला नव्हता. '१००' हा आकडा लिहिलेला कागद हाती धरून बसलेल्या चेंबरलेन यांचे एक छायाचित्र मात्र त्या रात्रीची साक्ष देत आले आहे. संपूर्ण हंगामात त्यांची सरासरी पडली सामन्यामागे ५०.४ गुण. त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणास एनबीएच्या एखाद्या हंगामात चाळिसाची सरासरीही गाठता आलेली नाही. खुद्द जॉर्डन यांचा सर्वोत्तम हंगाम ३७.१ चा.

आणि आता गंमत पाहा. त्या काळी हंगामातील सर्वश्रेष्ठ खेळाडूची निवड खेळाडूंच्या मतांनी होत असे. ज्या वर्षी चेंबरलेन यांनी पन्नासाची सरासरी राखली, त्याच वर्षी खेळाडूंनी तो मान दिला बिल रसेल यांना! रसेल यांची त्या हंगामातील सरासरी वीस गुणांचीही नव्हती. मते देणारे कोणी भाबडे प्रेक्षक नव्हते. रोज त्या दोघांसमोर उभे राहणारे, त्यांची कोपरे बरगड्यांत खाणारे लोक होते. कागदावर जे नाही असे काय त्यांनी मैदानावर पाहिले असेल?

त्यांनी पाहिले ते असे. प्रतिपक्षाचा खेळाडू बास्केटकडे झेपावला की रसेल यांचा लांब हात आडवा येई. हवेत अडवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या मिळवणे सोपे. पण तसे केले की चेंडू पुन्हा प्रतिपक्षाकडेच जातो. रसेल तो हलकेच आपल्या साथीदाराकडे वळवीत, आणि क्षणार्धात सगळा संघ दुसऱ्या टोकाकडे धावू लागे. गुण होई तो साथीदाराच्या नावावर. पुढे पुढे तर हात उगारण्याचीही गरज राहिली नाही. रसेल तेथे उभे आहेत एवढ्याच जाणिवेने समोरचा खेळाडू बिचके, वळसा घेई, दुरून अवघड जागेवरून चेंडू टाकी. आता, न टाकलेल्या चेंडूची नोंद कोणत्या रकान्यात करणार? फार काय, अडवलेल्या फटक्यांची अधिकृत मोजणीसुद्धा एनबीएमध्ये १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू झाली. तोवर रसेल निवृत्त होऊन चार वर्षे लोटली होती. ज्या कामात हा माणूस जगात अद्वितीय होता, त्याला वहीत रकानाच नव्हता.

तर मग थोरल्या पुतण्याचे म्हणणे मान्य करावे काय? अजिंक्यपदे मोजावी आणि मोकळे व्हावे? आमचे मन तेथेही अडखळते. तोच १९६२ चा हंगाम आणखी थोडा पुढे नेऊन पाहू. पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत चेंबरलेन यांचा संघ आणि सेल्टिक्स यांनी तीन-तीन सामने जिंकले. सातव्या सामन्यात अगदी अखेरच्या क्षणी सेल्टिक्सच्या सॅम जोन्स यांचा चेंडू आत पडला आणि १०९ विरुद्ध १०७ असा निकाल लागला. पुढे अजिंक्यपदासाठी गाठ पडली लॉस एंजेलिस लेकर्स संघाशी. तेथेही सातवा सामना, १००-१०० अशी बरोबरी, आणि अखेरचा चेंडू लेकर्सच्या फ्रँक सेल्व्ही यांच्या हाती. तो कडीला लागून बाहेर आला. जादा वेळात सेल्टिक्स ११०-१०७ असे जिंकले. रसेल यांनी त्या सामन्यात ३० गुण केले आणि ४० रिबाउंड झेलले. त्यांच्या पराक्रमाविषयी शंका नाही. परंतु जोन्स यांचा चेंडू बाहेर पडता, किंवा सेल्व्ही यांचा आत पडता, तर एक अंगठी कमी झाली असती. तेवढ्याने रसेल लहान झाले असते काय? दुसऱ्याच्या हातून सुटलेल्या चेंडूने एखाद्याची योग्यता घटते-वाढते असे आम्हांस वाटत नाही.

शिवाय अजिंक्यपद हे सामाईक खात्यातील धन आहे. रसेल यांच्या भोवती बॉब कूझी, सॅम जोन्स, जॉन हॅवलिचेक यांच्यासारखे खेळाडू होते आणि रेड ऑरबाक यांच्यासारखा प्रशिक्षक होता. ते आले तेव्हा एनबीएत संघ आठ होते. आज तीस आहेत. अंगठ्याच मोजावयाच्या तर रॉबर्ट होरी यांच्याकडे सात आहेत, म्हणजे जॉर्डन यांच्याहून एक अधिक. होरी मोक्याच्या क्षणी चेंडू अचूक टाकणारे गुणी खेळाडू, परंतु आपण जॉर्डनपेक्षा थोर असा दावा ते स्वतःही करणार नाहीत. उलट, साथीदारांना गुण मिळवून देणारे १५,८०६ पास ज्यांच्या नावावर आहेत ते जॉन स्टॉकटन आणि ३६,९२८ गुणांचे धनी कार्ल मलोन, दोघेही एकही अंगठी न मिळता निवृत्त झाले. १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांची वाट जॉर्डन यांनीच अडवली. आणि जेरी वेस्ट? १९६९ च्या अंतिम फेरीतील सातव्या सामन्यात त्यांनी ४२ गुण केले, तरी लेकर्स दोन गुणांनी हरले. पण त्या फेरीतील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान पराभूत संघातील वेस्ट यांनाच द्यावा लागला. असे त्यानंतर पुन्हा घडलेले नाही.

एवढे दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या बडोद्याच्या विजय हजारे यांची गोष्ट घ्या. १९४३ च्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांच्या अंतिम फेरीत हिंदू संघाविरुद्ध 'शेष' संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. तरी त्यांचा संघ डावाने हरला. विजेतेपदाच्या मापाने त्या खेळीची किंमत शून्य. पण याच डावात दुसरा एक आकडा दडलेला आहे. हजाऱ्यांचे बंधू विवेक यांनी त्यांना साथ दिली आणि दोघांनी मिळून ३०० धावांची भागी रचली. तीत विवेक यांच्या धावा किती? २१. धावफलक या एकवीसकडे ढुंकूनही पाहत नाही. पण तो भाऊ दुसऱ्या टोकाला पाय रोवून उभा राहिला नसता, तर ते ३०९ कोठून आले असते?

विवेक हजाऱ्यांच्या त्या एकवीस धावा आठवल्या की आम्हांस आमचा चषक आठवतो.

बारा वर्षांपूर्वी आम्ही ज्या सरकारी शाळेत मुख्याध्यापक होतो, तेथील बास्केटबॉलचे मैदान म्हणजे भेगाळलेला सिमेंटचा चौकोन आणि जाळी नसलेल्या दोन कड्या. तरीही त्या वर्षी आमची मुले स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली आणि दोन गुणांनी हरली. वार्षिकोत्सवात सर्वोत्कृष्ट खेळाडूसाठी एक चषक द्यावयाचा होता. क्रीडाशिक्षकांनी नाव सुचवले एका ठेंगण्या, अबोल मुलाचे. आम्ही सर्व सामन्यांची गुणपत्रके मागवली. त्या मुलाच्या नावापुढे सगळ्या स्पर्धेत मिळून मोजून नऊ गुण! आणि संघातील सर्वांत उंच मुलाच्या नावापुढे शंभराहून अधिक. आम्ही क्रीडाशिक्षकांकडे चष्म्यावरून पाहिले. ते बिचारे म्हणाले, "सर, प्रत्येक सामन्यात समोरच्या सर्वांत भारी पोराला हाच धरून ठेवतो. कागदावर तो दिसत नाही, मैदानावर दिसतो. आपण एकदा येऊन पाहा." आम्ही गेलो नाही. पाहण्यापेक्षा बेरीज करणे सोपे असते. चषक उंच मुलास दिला. टाळ्या वाजवणाऱ्यांत तो ठेंगणा मुलगाही होता.

पुढल्या वर्षी संघनिवडीला तो आलाच नाही. क्रीडाशिक्षकांनी विचारले तेव्हा एवढेच म्हणाला, "सर, मुझसे पॉइंट कहाँ बनते हैं।" उंच मुलगा होता, आणखी दोघे चांगले गुण करणारे आले होते, तरी त्या वर्षी आमचा संघ पहिल्याच सामन्यात पराभूत झाला. तो सामना मात्र आम्ही पाहावयास गेलो. समोरच्या संघातील एक मुलगा मोकाट सुटल्यासारखा खेळत होता, आणि त्याला धरून ठेवणारे कोणी नव्हते. आम्ही काय केले होते, ते आम्हांस तेव्हा उमगले.

मराठीत परीक्षेतील मार्कांना गुण म्हणतात, खेळातील पॉइंटांना गुण म्हणतात आणि माणसाच्या अंगच्या चांगुलपणालाही गुणच म्हणतात. मराठीचे एम. ए. असूनही या एका शब्दाने आम्हांस फसवले. जे मोजता येते तेच अंगी असते, असा आमचा समज झाला. आणि तो समज आम्ही वर्षानुवर्षे मुलांवर, शिक्षकांवर आणि शाळेच्या टक्केवारीवर चालवीत आलो.

यातून आम्ही अजिंक्यपदे आणि आकडे यांच्या पलीकडचे तिसरे एक माप शिकलो. हा माणूस संघात असताना इतर चौघांचे काय होते, हे ते माप. आपला खेळ चांगला झाला की नाही, हे रसेल स्वतः याच मापाने ठरवीत. आपल्यामुळे साथीदार किती अधिक चांगले खेळले, हेच ते पाहत. त्यांच्या १३ हंगामांत सेल्टिक्सचे अजिंक्यपद दोनदाच हुकले. १९५८ साली हुकले, तेव्हा अंतिम फेरीत त्यांचा घोटा दुखावला होता. १९६७ साली हुकले, ते चेंबरलेन यांनी हिरावून घेतले म्हणून. आणि ते त्यांनी कसे हिरावले? गुण निम्म्याहून कमी करून! त्या हंगामात त्यांची सरासरी पन्नासावरून चोविसावर आली होती. स्वतः चेंडू टाकण्याऐवजी ते साथीदारांच्या हाती देऊ लागले होते. पुढे १९७२ साली, सरासरी पंधरा गुणांच्याही आत आलेली असताना, त्यांनी जेरी वेस्ट यांच्यासह लेकर्सना अजिंक्यपद मिळवून दिले. लागोपाठ ३३ सामने जिंकण्याचा त्या संघाचा विक्रम त्याच हंगामातला. कागदावर चेंबरलेन लहान होत गेले, आणि मैदानावर वाढत गेले.

चेंबरलेन यांना आम्ही स्वार्थी मात्र म्हणणार नाही. १९६२ साली त्यांच्या प्रशिक्षकानेच त्यांच्यावर गुणांचा सगळा भार टाकला होता. सामन्यामागे सरासरी ४८ मिनिटांहून अधिक वेळ, म्हणजे जवळजवळ एकही क्षण विश्रांती न घेता, त्यांनी तो वाहिला. जे मागितले ते त्यांनी दिले. दोष मागणाऱ्यांचा. आम्हीही आमच्या उंच मुलाकडे गुणच मागितले, आणि त्यानेही ते दिले.

गेल्या वर्षी तो ठेंगणा मुलगा एका दाखल्याच्या नकलेसाठी आम्हांस शोधत आला. आता त्याचा दुचाकी दुरुस्तीचा व्यवसाय आहे. हातांच्या रेषांत काळे वंगण बसलेले. आम्ही त्याला बसवले आणि बारा वर्षे मनात असलेले सांगून टाकले, की तो चषक तुझा होता, चूक आमची झाली. तो संकोचला. मग हसून म्हणाला, "छोड़िए सर, उस साल हम फ़ाइनल तक पहुँचे थे।"

'हम' म्हणाला. आम्हीही लिहिताना-बोलताना स्वतःस 'आम्ही' म्हणवून घेतो. पण आमच्या या 'आम्ही'मध्ये आमच्यावाचून दुसरे कोणी नसते. त्याच्या 'हम'मध्ये पाचही जण होते.

दिवाळीत राखून ठेवलेला निकाल आम्ही पुतण्यांना नुकताच पत्राने कळवला आहे. त्यात जॉर्डन की लेब्रॉन, याचे उत्तर नाही. एवढेच लिहिले आहे, की पुढचा सामना पाहाल तेव्हा पडद्यावरचा गुणफलक हाताने झाका, आणि चेंडू ज्याच्या हाती नाही त्याच्याकडे घटकाभर पाहा. धाकट्याचे उत्तर आले आहे. "काका, प्रयत्न केला. फार अवघड आहे, नजर सारखी चेंडूकडेच जाते."

खरे आहे. आमची बारा वर्षे गेली.